गावपळणीतला दिवा

आम्ही हॉलंडहून कायमचे परत आलो आहोत, हे गावातल्या एकाही माणसाला पटत नव्हतं. बाजारात, होडीच्या धक्क्यावर, देवळाच्या पायरीवर, जो भेटेल तो हसून विचारायचा, "किती दिवस रवतलास?" नवरा सांगायचा, आता इथेच, कायमचे. समोरचा समजूतदारपणे मान डोलवायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारायचा. मी एकदा वैतागून मासेवालीला म्हटलं, अगं, घराचे वासे बदलले, मुलीला इथल्या शाळेत घातलं, आणखी काय करू? ती बांगडे मोजता मोजता म्हणाली, खरं आहे बाय तुझं, पण विमानाचं तिकीट जाऊन-येऊनचंच काढतात ना सगळे. 

नवरा रॉटरडॅमच्या बंदरात जहाजदुरुस्तीच्या कामाला होता. सासरे गेले आणि खाडीकाठचं घर कुलपात पडलं. त्यानंतर दर पावसाळ्यात त्याच्या जिवाला घोर लागायचा, की यंदा कुठली भिंत बसली असेल. शेवटी एके दिवशी जेवताना तो म्हणाला, जाऊया. मीही हो म्हणून टाकलं. मला वाटलं, आपलंच तर गाव, सवय व्हायला कितीसा वेळ लागणार? मी मूळची कणकवलीची. माझ्या माहेरात मालवणीच बोलतात, तेव्हा भाषेचा तर प्रश्नच नव्हता. प्रश्न भलताच निघाला.

आमच्या घराला लागून नवऱ्याच्या चुलतभावाचं घर आहे. दोन्ही घरांना मिळून एकच खळं, म्हणजे पुढचं अंगण. हा चुलतभाऊ माझा मोठा दीर, आणि त्याची बायको माझी थोरली जाऊ. बाई खमकी. सुनेला, शेजारणीला, पोस्टमनला, रिकाम्या हाताने परत आलेल्या नवऱ्याला, सगळ्यांना सकाळपासून फैलावर घेणारी. तिचा आवाज ऐकू आला नाही तर वाडीतल्या कोंबड्यासुद्धा गोंधळून जातील. आणि ही बाई माझ्याशी बोलायची ती मात्र 'तुमी' म्हणून. मी वयाने लहान, नात्याने लहान, तरी 'तुमी बसा', 'तुमी कशाक उठतास', 'तुमका सवय नाय'. मी तिच्याकडे गेले की कपाटातले फुलाफुलांचे कप बाहेर निघायचे. घरातले बाकीचे स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचे आणि मी बशीसकट कपातून. एकदा मी तिच्या चुलीपाशी बसून कांदा चिरायला घेतला तर तिने माझ्या हातातून विळी अशी काढून घेतली, जशी लहान मुलाच्या हातातून काडेपेटी काढावी.

मला राग यायचा. खरं सांगायचं तर रागापेक्षा जास्त वाईट वाटायचं. बारीक गोष्ट आहे, पण मला तिच्या तोंडून एक 'तू' हवा होता. त्यासाठी मी काय काय केलं! तिच्यासारखे घावणे घालायला शिकले, तिच्याबरोबर पाणंदीतून जळण आणायला गेले, पायात काटा मोडला तरी 'आई गं' म्हटलं नाही. ती सगळ्या बायकांना कौतुकाने सांगायची, बघा, परदेशात राहून आली पण जरासुद्धा गर्व नाही. झालं. म्हणजे मी परदेशातलीच राहिले.

हे सगळं माझ्या मुलीने माझ्या आधी ओळखलं होतं. ती बारा वर्षांची, जन्माने तिकडची. तिकडे आम्ही नव्या घरात राहायला गेलो त्याच आठवड्यात समोरची म्हातारी दार वाजवून आली होती. नाव विचारलं नाही, हसली नाही, तुम्ही कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवलात, असं तोंडावर सांगून गेली. मी दोन दिवस धुसफुसले. मुलीला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिच्या जगात चुकलं की माणसं सांगतात, आणि मग तीच माणसं नाताळात केकही आणून देतात. इथे येऊन चार-पाच महिने झाले तेव्हा तिने एका सकाळी दात घासता घासता मला विचारलं, "आई, इथे आपण सगळं बरोबर करतो का?"

मी म्हटलं, असं का वाटलं तुला? ती म्हणाली, शाळेत बाई सगळ्यांना ओरडतात, मला ओरडत नाहीत. काकी सगळ्यांना ओरडते, आपल्याला ओरडत नाही. मी मुद्दाम चपला घालून तिच्या माजघरात गेले होते, तरी हसली.

तिने मुद्दाम करून बघितलं होतं. माझीच पोर.

अशात एका सकाळी दीर देवळातून आले आणि खळ्यात उभं राहून म्हणाले, देवाने कौल दिला, गावपळण ठरली. मी कणकवलीची असले तरी हा शब्द मला फक्त ऐकून माहीत होता. आमचं गाव तीन-चार वर्षांनी एकदा, देवाच्या परवानगीने, सगळंच्या सगळं रिकामं होतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी शिवेबाहेर जायचं आणि तिकडे झोपड्या बांधून तीन दिवस, तीन रात्री राहायचं. त्या दिवसांत गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही, पाऊल पडायचं नाही. मग मानकरी देवळात जाऊन कौल घेतात. देव हो म्हणाला की गाव परत घरी. नवरा पाच वर्षांचा असताना एकदाच गेला होता म्हणे, पुढे शिक्षणासाठी बाहेरगावीच राहिला, त्याला त्यातलं फक्त बैलाच्या पाठीवरून पडल्याचं आठवत होतं.

मुलीच्या प्रश्नांना तर ऊतच आला. का जायचं? कुणी सांगितलं? न जाणाऱ्याला शिक्षा काय? दीर म्हणाले, पूर्वी पटकीची साथ यायची, त्यावरून पडली असेल प्रथा. जाऊ म्हणाली, साथबीथ काही नाही, त्या दिवसांत गाव देवाचं आणि राखण करणाऱ्या देवचारांचं असतं, त्यांची कामं असतात, आपण मध्ये लुडबूड करायची नाही. एका म्हाताऱ्याने सांगितलं, जमिनीला आपला कंटाळा येतो, तिला जरा मोकळं सोडायचं. मुलीला तिन्ही कारणं पटली. मलाही. आम्ही दोघी त्या आठवड्यात एकच बोलत होतो, की कुणीच नसताना गाव करत काय असेल? विहिरीत रहाट नाही, वाटेवर पाय नाही, तर आवाज कसला येत असेल?

नवऱ्याने तिकडून आणलेला तंबू बाहेर काढला. शिवेबाहेर प्रत्येक घर झावळांची आपापली झोपडी घालतं, तशी आपणही जागा धरू, असा त्याचा बेत. दीर म्हणाले, तुमका खंय जमतला, आमच्याच मांडवात येवा, पाय पसरायला जागा ठेवली आहे. प्रेमानेच म्हणाले. नवऱ्याने तंबूची घडी घालून पुन्हा माळ्यावर टाकली. त्याचा चेहरा उतरला होता.

निघायच्या दिवशी आम्ही अगदी चोख होतो. फ्रिज रिकामा केला, चुलीतली राख गार आहे का ते हात घालून बघितलं. नवऱ्याने विजेचा मेन स्विच बंद केला, मला दाखवला, पुन्हा जाऊन तपासला. नियम म्हटलं की हॉलंडात राहिलेल्या माणसाला असा उत्साह येतो की विचारू नका. जाऊबाई डोक्यावर कोंबड्यांची डाल घेऊन पुढे, सून भांडी घेऊन मागे, आम्ही त्यांच्या मागे. फाटकापाशी जाऊ जरा थांबली. वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं काहीतरी बोलणार. पण 'चला, ऊन वाढला' एवढंच म्हणून ती वळली.

खाडी ओलांडली की पलीकडचा काठ दुसऱ्या गावाच्या हद्दीत येतो. होड्यांनी दिवसभर खेपा केल्या. गुरं पोहत नेली, एक बोकड अर्ध्या वाटेवर पाण्यात उडी टाकून परत फिरला आणि त्याला धरायला जी धावपळ झाली, ती बघून मुलगी हसून हसून वाळूत लोळली. संध्याकाळपर्यंत काठावर झावळांची एक नवी वाडीच उभी राहिली. एरवी एकमेकांची तोंडं न बघणारी दोन भावांची घरं इथे एकाच दगडावर कपडे धूत होती. पोरं खाडीत, म्हातारे पत्त्यात, बायका फुगड्या घालताहेत. मला इतकं छान वाटत होतं की वाटलं, तीन दिवसच का?

आणि तिन्हीसांजा झाल्या. सगळे उठून पाण्याकाठी आले, रिकामं गाव काळोखात कसं बुडतं ते बघायला. पलीकडे माड काळे झाले, घरं दिसेनाशी झाली, देवळाचं शिखर तेवढं थोडा वेळ राहिलं आणि मग तेही गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आमचं गाव एकही दिवा नसताना बघत होते आणि अंगावर काटा आला होता.

तेवढ्यात बरोबर मधोमध, पाण्यालगत, एक पांढराशुभ्र दिवा लागला.

माझ्या शेजारची बाई 'अगे बाय माझ्या' म्हणाली. कुणीतरी हात जोडले. देवचार, देवचार, अशी कुजबुज झाली. आणि मी नवऱ्याकडे बघितलं, कारण त्या देवचाराची पावती त्याच्या पाकिटात होती. फाटकाच्या खांबावर आम्ही सौरदिवा बसवला होता. दिवसा ऊन पितो आणि काळोख पडला की आपोआप लागतो. त्याला मेन स्विचशी काही देणंघेणं नाही. नवऱ्याने कपाळावर हात मारला, तो मी अजून विसरले नाही.

पुढचं मला नंतर कळलं. असले दिवे गावात आणखी चार-सहा घरांत होते, जाऊच्या गोठ्यावरही एक होता. निघण्याआधी त्या सगळ्यांनी त्यावर गोणपाट बांधलं होतं. कुणाला सांगावंही लागलं नव्हतं, ज्याने त्याने आपल्या अकलेने केलं होतं. आमचाच तेवढा उघडा राहिला.

नवरा म्हणाला, होडी द्या, मी दोन मिनिटांत विझवून येतो. दिराने त्याचा दंड धरला आणि मान हलवली. पाऊल पडायचं नाही म्हणजे पडायचं नाही. दिवा विझवायला गेलो, असं देवचाराला सांगणार का?

तर तो दिवा जळत राहिला. पहिल्या रात्री, दुसऱ्या रात्री, तिसऱ्या रात्री. कडक ऊन पडत होतं, बॅटरी भरभरून भरत होती, आणि आम्ही चांगल्यातली चांगली कंपनी बघून घेतला होता. गाव आम्हाला काय बोललं असेल? काही नाही. एक अक्षर नाही. 'असांदे, असांदे, होता असा', म्हणून लोक आमच्याकडे बघून हसत होते. आमच्या पानात मासा जास्त पडायला लागला. माझ्या नवऱ्याने कुणाकुणाची माफी मागितली, ते सगळे उलट त्याचीच समजूत काढत होते. दुसऱ्या दिवशी मी झोपडीमागे पाणी आणायला गेले तेव्हा पलीकडून दोन बायकांचं बोलणं ऐकू आलं. एक तणतणत होती, दुसरी म्हणाली, "जावंदे गो. पावण्यांका काय बोलतलंव?"

मी कळशी घेऊन तिथेच खाली बसले. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. इतक्या महिन्यांचे घावणे, काटे, जळणाचे भारे, सगळं त्या एका शब्दाने पाण्यात घातलं. आम्ही पावणे होतो. पावण्यांच्या चुका मोजत नाहीत, कारण ते जायचेच असतात. त्या क्षणी मनात आलं की जाऊया परत, गेलं उडत ते गाव आणि त्याची पळण. नवऱ्याला हे मी सांगितलं नाही. त्याने आदल्या रात्रीपासून धड जेवण केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी कौल घ्यायला पलीकडे गेले, त्यांत दीरही होते. बायकांनी भांडी बांधून ठेवली होती, कोंबड्या डालींत भरल्या होत्या. दोन तासांनी होडी परत आली. पुढे दीर उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. देवाने कौल दिला नव्हता. आणखी एक दिवस, आणखी एक रात्र.

असं पूर्वीही व्हायचं म्हणतात. देवाने नकार का दिला, ते देवाला ठाऊक. पण काठावरच्या प्रत्येक माणसाने एकदा पलीकडे आमच्या फाटकाकडे बघितलं आणि मग लगेच नजर दुसरीकडे वळवली. ते नजर वळवणं मला सोसवेना. तांदूळ संपत आले होते, मुलांची चाचणी परीक्षा बुडणार होती, एका घरात म्हाताऱ्याचं औषध संपलं होतं. सगळे मुकाट्याने डाली पुन्हा सोडत होते.

मी जाऊच्या बाजूला बसून भांड्यांचं गाठोडं सोडायला लागले. म्हटलं, वयनी, आमच्यामुळे सगळ्यांना त्रास झाला. ती टोप पुसत राहिली. मी पुन्हा म्हटलं, आम्हाला माफ करा. तेव्हा तिने हातातलं टोप दाणकन खाली आपटलं.

"तुका अक्कल आसा काय गो?" ती म्हणाली.

अख्ख्या काठाने ऐकलं. पत्ते थांबले.

"फाटकार दिवो टांगतस, आणि त्याच्यार गोणपाट घालूक कळाक नाय? चार दिवस झाले, जो तो विचारता, दिवो कोणाच्या घरातलो? आणि माका सांगूक लागता, आमच्याच. आमच्याच घरातलो!" एवढं बोलून तिला धाप लागली. मग आवाज जरा खाली आला. "निघताना माका दिसलेलो तो. तोंडापर्यंत इल्ला. म्हटलंय, तुका वायट वाटात, म्हणान गप रवलंय. माझाच चुकला. यापुढे गप रवूचंय नाय, सांगून ठेवतंय."

आणि ती थांबलीच नाही. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं ते सगळं बाहेर आलं. मी ओटीवर ओले टॉवेल टाकते. माझी आमटी म्हणजे कोमट पाणी. माझा नवरा माडांच्या भाटातले नारळ वेळेवर उतरवत नाही, उद्या कुणाच्या टाळक्यात पडला तर? माझी मुलगी चपला घालून तिच्या माजघरात येते, तेव्हा तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली होती. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. समोरच्या बायकांना वाटलं, बिचारीला लागलं. कसलं लागतंय! तिच्या प्रत्येक वाक्यात 'तू' होता. मला वाटत होतं, बोल, आणखी बोल, दिवाळीपर्यंत बोलत राहा.

शेवटी ती म्हणाली, रडणं पुरे, ऊठ, खोबऱ्याचं वाटप वाट, माणसं उपाशी आहेत. मी पाटा-वरवंटा घेऊन बसले. ती येऊन बोटाने चाटून गेली आणि म्हणाली, ह्यात मीठ कोण घालणार, तुझा बापूस?

एकदा तिने तोंड उघडलं म्हटल्यावर बाकीचेही मोकळे झाले. औषध संपलेल्या म्हाताऱ्याने माझ्या नवऱ्याला हाक मारली आणि खडसावून सांगितलं, दिवा तुझा, मग आता या काठावरच्या गावात जाऊन माझ्या गोळ्या तूच घेऊन यायच्या. नवरा एवढ्या आनंदाने उन्हात चालत गेला की मला हसू आवरेना.

संध्याकाळी सगळे पाण्याकाठी जमले आणि दीर गाऱ्हाणं घालायला पुढे झाले. आमच्याकडे देवाशी असंच बोलतात, एकाने मागायचं आणि सगळ्यांनी एका आवाजात 'व्हय महाराजा' म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. त्यांनी हात जोडले. बा देवा महाराजा, तुझी लेकरं शीव सोडून बाहेर बसली आहेत. व्हय महाराजा. त्यांच्या गुराढोरांना, पोराबाळांना सांभाळ. व्हय महाराजा. मग ते जरा थांबले आणि खाडीपलीकडे बघत म्हणाले, "आमच्या घरातल्या लेकरांका म्हायत नव्हता, तेंच्याकडून दिवो पेटतो रवलो. ती चूक सगळ्या गावाची समज, आणि पदरात घे रे महाराजा."

"व्हय महाराजा," गाव म्हणालं. म्हातारे, पोरं, ती तणतणणारी बाई, सगळे. नवरा नुसता हात जोडून पलीकडे बघत राहिला. मी त्याच्या वाटचंही म्हटलं.

पलीकडे आमचा दिवा लागला होता. कुणी नजर वळवली नाही. एक जण तर म्हणाला, दिवा चांगला आहे हो, कितीला घेतलास?

मी मुलीला शोधायला लागले. ती दिवसभर पोरांबरोबर खाडीत होती, तिने सकाळचं सगळं ऐकलं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. एवढ्यात ती झोपड्यांच्या रांगेतून धावत आली. केस ओले, अर्धे मोकळे, अंगभर वाळू. काकीने तिला वाटेत अडवलं होतं, आणि तिन्हीसांजेला केस सोडून खंय भटकतस, तुझ्या आईशीने काय शिकवलं की नाय, असं चांगलं झापून तिची वेणी घालायला धरून बसवलं होतं. अर्धी वेणी घातलेलीच ती पळून आली होती. मागून जाऊचा आवाज येत होता. तिने माझा हात धरला, श्वास घ्यायला थांबली आणि म्हणाली, "आई, काकी मलापण ओरडली."

मी तिच्या केसांतली वाळू झटकायला लागले तसं तिने माझा हात हलवला. "मलापण," ती म्हणाली.